मल्लिकार्जुन मन्सूर : केवळ अनवट रागांचे गायक?

बाळीवेसकर

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आपल्या सोलापुरात गाण्याच्या गप्पा रंगल्या आणि पंडित मल्लिकार्जुन मन्सूर यांचे नाव निघाले, की ‘अनवट रागांचे बादशहा’ हे बिरुद कोणीतरी उच्चारतो, बाकीचे माना डोलावतात आणि विषय भीमसेनजींकडे किंवा कुमारजींकडे वळतो. अनवट म्हणजे क्वचित गायले जाणारे राग. बिरुद खोटे नाही. शुद्ध नट, खट, आसा जोगिया, एक निषाद बिहागडा, संपूर्ण मालकंस, बहादुरी तोडी, शिवमत भैरव हे राग ते ज्या सहजतेने गायले, त्या सहजतेने गाणारे फार थोडे झाले. परंतु या एका बिरुदात त्यांना बसवून टाकल्यामुळे नवा श्रोता ‘हे आपल्या आवाक्यातले नाही’ असे समजून दूर राहतो आणि जुना श्रोता रागाचे नाव ओळखता आले एवढ्यावर समाधान मानतो. गाणे बाजूलाच राहते.

माझे मत असे आहे की मन्सूरअण्णांचे मोठेपण रागांच्या दुर्मिळपणात नाही. राग कोणताही असो, तालाच्या प्रत्येक आवर्तनात, म्हणजे फेरीत, तो हलता ठेवायचा, कोठेही रेंगाळू द्यायचा नाही आणि तरीही घाई झाली असे वाटू द्यायचे नाही, ही त्यांची खरी कमाई होय. त्यांचा यमन कल्याण किंवा अल्हैया बिलावल ऐकला तरी हे लक्षात येते, आणि हे राग तर संगीताच्या पहिल्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांनाही ठाऊक असतात.

ज्यांना त्यांच्या आयुष्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ३१ डिसेंबर १९१० रोजी धारवाडजवळच्या मनसूर या गावी त्यांचा जन्म झाला. थोरले बंधू बसवराज यांची नाटक मंडळी होती आणि लहान मल्लिकार्जुन तेथे रंगभूमीवर गाऊ लागले. आधी अप्पय्या स्वामींकडे कर्नाटक संगीताचे धडे, मग मिरजेच्या नीलकंठबुवा अलूरमठ यांच्याकडे ग्वाल्हेर घराण्याची काही वर्षांची तालीम आणि त्यानंतर जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांचे पुत्र मंजी खाँ व बुर्जी खाँ यांचे शिष्यत्व, असा हा प्रवास आहे. १९७० साली पद्मश्री मिळाली तेव्हा ते साठीला टेकले होते. १९७६ साली पद्मभूषण आणि १९९२ साली पद्मविभूषण मिळाले, आणि त्याच १९९२ च्या १२ सप्टेंबरला ते गेले.

आपण त्यांचे पहिल्यांदा काय ऐकले, त्यात आपल्याला काय धरून ठेवणारे वाटले आणि हे अनवटपणाचे बिरुद आपल्याला योग्य वाटते का, हे कृपया सविस्तर लिहावे.

जुळे_सोलापूर

उत्तम विषय. पहिला ऐकला तो गौड मल्हार, आकाशवाणीवर. पूर्ण संपेपर्यंत जेवणाचे ताट तसेच राहिले होते.

लयवेडा

बाळीवेसकर यांच्याशी मी सहमत आहे आणि तबला वाजवणारा म्हणून त्यात थोडी भर घालतो.

जयपूर घराण्याचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल, हा खऱ्या अर्थाने विलंबित नसतो. किराणा घराण्यात एकतालाची लय इतकी संथ असते की एकेक मात्रा चार भागांत मोजावी लागते आणि गायकाला समेपर्यंत, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपर्यंत, पोहोचण्यासाठी भरपूर मोकळी जागा मिळते. मन्सूरअण्णा बहुधा तीनतालात गातात, सोळा मात्रांचे आवर्तन मध्यम गतीने पुढे सरकत असते आणि त्यामुळे मुखडा, म्हणजे बंदिशीची (गीताची) समेकडे नेणारी सुरुवातीची ओळ, पुन्हा पुन्हा, फार लवकर येतो. आता विचार करा, एवढ्या कमी जागेत प्रत्येक वेळी काहीतरी नवे सांगायचे, दम न तोडता सांगायचे आणि मुखडा अशा ठिकाणी उचलायचा की सम आपोआप पायाशी यावी. सामान्य गायक हे करू लागला तर दहाव्या आवर्तनाला त्याच जागा पुन्हा येऊ लागतात. अण्णांच्या गाण्यात तान जिथे संपते तिथेच मुखडा सुरू होतो, मधला सांधा ऐकू येत नाही. तबलजीने येथे साधा, स्वच्छ ठेका धरायचा असतो. त्याने मध्येच हात दाखवायला सुरुवात केली तर गायकाने मात्रांच्या आत जे बारीक काम चालवले आहे ते झाकून जाते. साथीला बसणाऱ्या मुलांना मी नेहमी सांगतो की अण्णांची ध्वनिमुद्रणे लावा, नुसता ठेका धरून बसा आणि मुखडा कोणत्या मात्रेवरून उचलला जातो ते टिपत जा. दर वेळी तो तंतोतंत एकाच ठिकाणाहून उठत नाही, आणि तरीही सम कधी चुकत नाही.

शुद्धसारंग

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते नम्रपणे पण स्पष्ट मांडते.

मी किराणा घराण्याचे गाणे ऐकत मोठी झाले. आमच्या घरात भीमसेनजी, गंगूबाई आणि हिराबाई यांच्याशिवाय दुसरे फारसे वाजत नसे. एक स्वर लागला, तो स्थिर झाला, श्रोत्याच्या मनात भिनला आणि मगच पुढचा स्वर आला, या क्रमाची मला गोडी आहे. मन्सूरअण्णांच्या गाण्यात मला ही विश्रांती मिळत नाही. स्वर नीट ओळखीचा होण्याआधी ते पुढे गेलेले असतात. बंदिशीचे शब्दही आकारात (नुसत्या ‘आ’मध्ये) आणि तानेत विरून जातात, त्यामुळे काव्याचा आनंदही फारसा हाती लागत नाही. त्यांच्या विद्वत्तेविषयी मला शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की ज्या गाण्यात श्रोत्याला थांबायला जागाच नाही, त्या गाण्याने श्रोता थकत नाही का? श्रोते त्यांच्यापासून दूर राहिले यात बिरुदाचा दोष थोडा आणि गायनशैलीचा अधिक, असे मला वाटते.

होटगी_जंक्शन

चर्चा चांगली चालली आहे, म्हणून एक छोटासा फाटा फोडतो.

होटगी ते गदग ही मीटरगेज गाडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना सोलापूर आणि धारवाड या दोन गावांमधले नाते नकाशा न पाहताही समजते. विजापूर, बागलकोट, बदामी, गदग आणि तेथून हुबळी-धारवाड. भीमसेनजींचा जन्म १९२२ साली गदगचा, गंगूबाई हनगल धारवाड-हुबळीच्या, सवाई गंधर्व कुंदगोळचे, बसवराज राजगुरू धारवाड परिसरातले, कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे. मिरज आणि कोल्हापूर ही दोन संस्थानी गावे तर या सगळ्यांची शाळाच होती, कारण मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले आणि कोल्हापूर दरबारी अल्लादिया खाँसाहेब. या गायकांना भाषेची सीमा कधी आडवी आली नाही. मातृभाषा कानडी, शिकवण्याची भाषा उर्दूमिश्रित हिंदी, श्रोते मराठी. सोलापूरचा माणूस या तिन्ही भाषांत सहज वावरतो, म्हणून हे गाणे आपल्याला परके वाटण्याचे काही कारण नाही.

सोन्नलगी

होटगी_जंक्शन यांचा धागा पुढे नेतो, आणि शुद्धसारंगताईंनी शब्दांविषयी जे लिहिले आहे त्यालाही उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

आमच्या घरी कानडी बोलली जाते. माझ्या आईला राग, ताल, घराणे यांतले काहीही ठाऊक नव्हते, परंतु मन्सूरअण्णांचे वचनगायन लागले की ती हातातले काम थांबवून बसत असे. बाराव्या शतकात बसवण्णा, अल्लमप्रभू, अक्कमहादेवी यांनी कानडीत जी वचने रचली, त्याच मांदियाळीत आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर येतात. सोन्नलगी म्हणजे आजचे सोलापूर, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही सिद्धरामांच्या वचनांची नाममुद्रा आहे आणि ‘चन्नमल्लिकार्जुन’ ही अक्कमहादेवींची.

वचन हे अभंगासारखे किंवा ओवीसारखे छंदात बांधलेले नसते. ते लयदार गद्य असते, ओळी लहानमोठ्या असतात, यमकाचा आधार नसतो. असे वचन तालात बसवायचे म्हणजे कोठे थांबायचे, कोणता शब्द समेवर आणायचा, कोणता शब्द लांबवायचा हे गायकाला अर्थ पाहूनच ठरवावे लागते. अण्णा अक्कमहादेवींचे वचन गातात तेव्हा एकही शब्द गिळलेला नसतो. आलाप मोजका असतो, तान जवळजवळ नसतेच, आणि स्वर शब्दाच्या मागे चालतो. तोच माणूस ख्यालात शब्दाला मागे ठेवतो आणि आकाराला पुढे आणतो. याचा अर्थ त्यांना शब्दांची कदर नव्हती असा होत नाही. कोणत्या गानप्रकारात काय पुढे यायचे याचा त्यांचा निर्णय ठाम होता. ज्यांना त्यांच्या ख्यालात शिरता येत नाही त्यांनी वचनांपासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन. कानडी न समजणाऱ्यांनीही.

पूर्वभाग

सोन्नलगी यांचे म्हणणे मनापासून पटले. आमच्या घरी तेलुगू बोलली जाते, तरीही संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला (प्रतीकात्मक विवाहाला) उभे राहून संमती वाचन ऐकत आलो आहोत, आणि ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ म्हणताना भाषा कोणाची हा विचार कधी मनात आला नाही. त्या कानडीचा नाद कानात असल्यामुळेच कदाचित मन्सूरअण्णांची वचने पहिल्यांदा ऐकली तेव्हा ओळखीची वाटली.

रिषभ_पंचम

मी जयपूर घराण्याची तालीम घेतली आहे आणि आता सोलापुरातच काही विद्यार्थिनींना शिकवते. मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण बाळीवेसकर यांच्या मांडणीतला एक भाग मला अपुरा वाटतो.

त्यांनी अनवट राग एका बाजूला ठेवले आणि लयीतली बढत, म्हणजे रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार, दुसऱ्या बाजूला. प्रत्यक्षात या घराण्यात या दोन गोष्टी एकमेकींतूनच निर्माण झालेल्या आहेत. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज मध्यंतरी बिघडला आणि त्यानंतर त्यांनी स्वतःची गायकी नव्याने घडवली, हे सर्वश्रुत आहे. त्या गायकीत पेचदार, वक्र गतीच्या ताना आणि रागांची सांगड यांना मोठे स्थान मिळाले. जोडराग किंवा संकीर्ण राग घ्या, उदाहरणार्थ बसंती केदार. त्यात बसंत आणि केदार या दोन रागांची स्वरवाक्ये एकमेकांत गुंफलेली असतात. असा राग किराणा पद्धतीने एकेक स्वरावर थांबून वाढवता येणार नाही, कारण एकट्या स्वरावर थांबलात की श्रोत्याला तो कोणत्या रागाचा स्वर आहे हेच कळणार नाही. राग दिसतो तो वाक्यात, चलनात. म्हणून गायकाला सतत हलते राहावे लागते. शुद्धसारंगताईंना विश्रांती मिळत नाही ही त्यांची जाणीव अचूक आहे, परंतु ती गायकाची उणीव नाही, ती या रागांची गरज आहे.

आता संपूर्ण मालकंस पाहा. आपल्या नेहमीच्या मालकंसात रिषभ (रे) आणि पंचम (प) वर्ज्य असतात. संपूर्ण मालकंसात ते दोन्ही येतात, आणि तरीही मालकंस मोडता कामा नये. पंचमावर क्षणभर अधिक रेंगाळलात की राग हातातून निसटतो. अण्णा तो पंचम असा घेतात की तो लागला हे कळते आणि त्याने आग्रह धरला असे वाटत नाही. एक निषाद बिहागड्याचेही तसेच आहे. एरवी बिहागड्यात दोन्ही निषाद येतात, येथे कोमल निषाद गाळून केवळ शुद्ध निषाद ठेवायचा आणि तरीही तो बिहाग होऊ द्यायचा नाही, ही कसरत स्वरवाक्यांच्या नेमक्या मांडणीवरच पेलता येते.

म्हणून मी असे म्हणेन की अनवट रागांनी त्यांना ही लयबद्ध, अखंड बढत शिकवली आणि मग तीच बढत त्यांनी यमन कल्याणालाही लावली. त्यांचा यमन कल्याण इतरांपेक्षा निराळा वाटतो तो याच कारणाने.

लयवेडा

रिषभ_पंचम यांचे विवेचन वाचून आनंद झाला. विशेषतः शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. प्रसिद्ध रागात अण्णा काय करतात ते पाहिले की अनवट रागातले त्यांचे काम अधिक स्पष्ट कळते.

नवा_श्रोता_पुणे

मी मूळचा सोलापूरचा, सध्या नोकरीनिमित्त पुण्यात असतो. वयाने लहान आहे आणि शास्त्रीय संगीत ऐकायला अलीकडेच सुरुवात केली आहे. वर आलेली चर्चा वाचून ऐकण्याची इच्छा झाली, परंतु इंटरनेटवर शोधल्यावर रागांची नावे पाहूनच गोंधळ उडतो. मला आरोह-अवरोहही नीट ओळखता येत नाहीत. अशा माणसाने कोठून सुरुवात करावी आणि ऐकताना नेमके कशाकडे लक्ष द्यावे, हे कोणी सांगू शकेल का?

जुळे_सोलापूर

नवा श्रोता, रागाचे नाव न पाहता ऐका.

विजापूर_वेस

नवा_श्रोता यांच्या प्रश्नाने धाग्याला खरा उपयोग लाभला, असे वाटते. माझा अनुभव सांगतो.

ऐंशीच्या दशकात पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात मी अण्णांना समोर बसून ऐकले. सडपातळ देह, कपाळावर विभूती, चेहऱ्यावर लहान मुलासारखा प्रसन्न भाव. तानपुरे जुळले, त्यांनी षड्ज लावला आणि फार काळ आलापी न करता थेट बंदिशीला हात घातला. त्या वेळी ते कोणता राग गात आहेत हे मला शेवटपर्यंत कळले नाही, आणि ते न कळल्याने काही बिघडलेही नाही. मी एवढेच केले की मुखडा लक्षात ठेवला. तो कधी परत येतो याची वाट पाहू लागलो. पहिली काही आवर्तने तो आपल्या अपेक्षेप्रमाणे आला, नंतर अशा वळणांवरून येऊ लागला की समेवर सारा मांडव एका आवाजात दाद देत होता. ज्यांना राग ठाऊक होता ते आणि माझ्यासारखे अनभिज्ञ, दोघेही एकाच क्षणी दाद देत होते. रागाच्या नावाशिवाय मिळणारा हा आनंद त्यांच्या गाण्यात भरपूर आहे.

आणखी एक गोष्ट तेव्हा जाणवली ती अशी, की सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाच्या आवाजात थकवा नव्हता. आवाज टोकदार होता, किंचित अनुनासिक होता, गोडपणाचा प्रयत्न त्यात नव्हता. मागे त्यांचे चिरंजीव राजशेखर मन्सूर साथीला होते. ते विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि वडिलांची विद्या त्यांनी पुढे सांभाळली. वडील एक जागा घेऊन थांबत आणि मुलगा तिचा धागा अलगद पुढे नेत असे, तेव्हा ही विद्या शिकवली कशी जाते हे मंचावरच दिसत होते.

शुद्धसारंग

रिषभ_पंचम आणि सोन्नलगी, आपण दोघांनीही इतक्या आपुलकीने उत्तर दिलेत त्याबद्दल आभारी आहे.

संकीर्ण राग एका स्वरावर थांबून वाढवता येत नाहीत, हा मुद्दा मला मान्य आहे. तरीही एक प्रश्न उरतो. मग यमन कल्याणासारख्या रागात, जेथे गांधारावर किंवा निषादावर हवे तितके थांबता येते, तेथेही न थांबण्याचा निर्णय का? तेथे रागाची अडचण नाही. तो पूर्णपणे गायकाच्या आवडीचा भाग झाला. माझी आवड वेगळी आहे, एवढेच मी म्हणते आहे, आणि दोन्ही आवडींना आपल्या संगीतात स्थान असावे.

बाळीवेसकर

धागा इतका समृद्ध होईल अशी अपेक्षा नव्हती. काही मुद्द्यांना उत्तर देतो.

रिषभ_पंचम यांनी माझ्या विधानाला जी जोड दिली ती मोलाची आहे. अनवट राग आणि लयीतली बढत यांचे नाते त्यांनी ज्या पद्धतीने उलगडले, त्यामुळे माझा मूळ आग्रह अधिक नेमका झाला. बिरुदावर माझा आक्षेप अजूनही कायम आहे, कारण ते रागांची मोजदाद करते आणि त्या रागांनी गायकाला काय शिकवले हे सांगत नाही.

शुद्धसारंगताईंच्या यमन कल्याणाच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. मंजी खाँसाहेब १९३७ साली गेले, म्हणजे त्यांची तालीम अण्णांना अल्पकाळच मिळाली. त्यानंतर बुर्जी खाँसाहेबांनी त्यांना शिकवले. गुरू इतक्या लवकर गेल्यानंतर ज्याने पुन्हा शिष्य होण्याची तयारी दाखवली, तोपर्यंत ज्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या, ज्याचे नाव झाले होते, त्या माणसाला ही गायकी केवळ एक आवड म्हणून स्वीकारायची नव्हती. त्यांनी आपला सगळा आवाज, सगळा विचार तिच्या हवाली केला होता. आधी पक्की ग्वाल्हेरची तालीम, रंगभूमीचा अनुभव, कर्नाटक संगीताचा संस्कार असे सारे काही हाती असताना ते या एका पद्धतीशी एकनिष्ठ राहिले. त्यामुळे यमन कल्याणात न थांबणे हा त्यांच्यासाठी सोयीचा किंवा आवडीचा प्रश्न नव्हता, असे मला वाटते. राग म्हणजे चलन, ही त्यांची श्रद्धाच होती.

आणि यशाबद्दलही दोन शब्द. एचएमव्ही या ध्वनिमुद्रिका कंपनीत संगीत दिग्दर्शक, पुढे धारवाड आकाशवाणीचे सल्लागार, कर्नाटक विद्यापीठाच्या संगीत विभागाची धुरा, ही कामे करीत असताना देशभरातील मोठ्या मंचांवर त्यांना मानाचे स्थान मिळायला फार उशीर झाला. १९७१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९८२ साली तिचे सदस्यत्व मिळाले. इतकी वर्षे मान्यता दूर असताना त्यांनी लोकप्रिय होण्यासाठी गाणे सोपे केले नाही, याचा मला फार आदर वाटतो.

सोन्नलगी

बाळीवेसकर यांच्या ‘श्रद्धा’ या शब्दाला दुजोरा देतो. अण्णांचे कानडी आत्मचरित्र ‘नन्न रसयात्रे’ ज्यांना वाचता येईल त्यांनी अवश्य वाचावे. धारवाडमधील त्यांचे ‘मृत्युंजय’ हे निवासस्थान आता स्मारक म्हणून जतन केलेले आहे. धारवाडला जाणाऱ्या सोलापूरकरांनी पेढे घेऊन परत फिरण्याआधी तेथे थोडा वेळ काढावा, ही विनंती.

अश्विनी_नक्षत्र

एक वेगळा मुद्दा मांडू इच्छिते. जयपूर घराण्याचे नाव निघाले की केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरीताई आमोणकर या तिघी डोळ्यांसमोर येतात. केसरबाईंचा भारदस्त आवाज, मोगूबाईंचे लयीवरचे प्रभुत्व, किशोरीताईंनी भावाच्या शोधात घराण्याच्या मर्यादा ओलांडून घेतलेली झेप. या तिघींसमोर मन्सूरअण्णांना ठेवले तर एकाच झऱ्याचे पाणी किती निरनिराळ्या वाटांनी गेले हे दिसते. किशोरीताई एखाद्या स्वरावर थांबल्या, कारण त्यांना त्या स्वराचा भाव शोधायचा होता. अण्णा थांबले नाहीत. शुद्धसारंगताई, आपल्याला किराण्याचीच विश्रांती हवी असेल तर जयपूर घराण्यातच किशोरीताईंचा भूप राग ऐकून पाहावा. म्हणजे हा प्रश्न घराण्याचाही नाही, तो एका कलावंताने स्वतःसाठी निवडलेल्या वाटेचा आहे, असे आपल्याला जाणवेल.

शुद्धसारंग

किशोरीताईंचा भूप मी ऐकला आहे आणि तो मला अतिशय प्रिय आहे. अश्विनी_नक्षत्र, आपण माझा प्रश्न माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत मांडलात. बाळीवेसकर यांच्या श्रद्धेच्या मुद्द्याचा मी आदर करते, परंतु माझ्या कानाला अजूनही तो ठहराव हवाच आहे. त्यांच्या वचनगायनात मात्र तो मला मिळाला. सोन्नलगी यांनी सुचवल्याप्रमाणे अक्कमहादेवींचे वचन ऐकले. कानडी मला अर्धीमुर्धीच कळते, तरी शब्द जेथे पूर्ण होतो तेथे स्वरही थांबतो आणि त्या थांबण्यात किती गांभीर्य आहे हे स्पष्ट जाणवले. ख्यालात ते हेच का करीत नाहीत ही माझी तक्रार कायम आहे, आणि ती मी आनंदाने कायम ठेवणार आहे.

लयवेडा

ताई, ही तक्रार आम्ही आनंदाने ऐकू.

रिषभ_पंचम

नवा_श्रोता यांना सविस्तर उत्तर द्यायचे राहून गेले होते.

विजापूर_वेस यांनी मुखड्यावर लक्ष ठेवण्याचा जो मार्ग सांगितला तो उत्तम आहे, आणि मी विद्यार्थिनींनाही तोच सांगते. त्यापुढची पायरी अशी. एखादा परिचित राग निवडा, यमन कल्याण किंवा अल्हैया बिलावल. त्यातील ख्याल एका बैठकीत पूर्ण ऐका, दुसरे काही काम करीत ऐकू नका. पहिल्या वेळी केवळ मुखडा धरा. दुसऱ्या वेळी हे पाहा की प्रत्येक आवर्तनात गायक सप्तकात किती वर चढतो. आरंभीची आवर्तने षड्जाच्या आसपास फिरतात, मग हळूहळू गांधार, पंचम, निषाद करीत तार षड्जाकडे जातात आणि तेथे अंतरा सुरू होतो. एवढी चढण ओळखता आली की गाण्याचा आराखडा हाती आला. तिसऱ्या वेळी तानांकडे लक्ष द्या, आणि तान सरळ वर जाऊन सरळ खाली येते की मध्येच वळसा घेऊन परत फिरते, हे ऐका. अण्णांच्या ताना बहुधा वळसे घेतात आणि त्या वळशांमध्येच राग असतो.

हे जमल्यावर संपूर्ण मालकंस घ्या, पण त्याआधी कोणाचाही साधा मालकंस ऐकून ठेवा. दोन्ही सलग ऐकले की रिषभ आणि पंचम कोठे आले हे आरोह-अवरोह न शिकताही कळेल. खट आणि आसा जोगिया मात्र नंतरसाठी ठेवावेत. ते सकाळचे राग आहेत, शक्यतो सकाळीच ऐकावेत.

नवा_श्रोता_पुणे

मनःपूर्वक आभार. या शनिवारी यमन कल्याणाने सुरुवात करतो. मुखडा टिपताना मात्रा मोजायच्या असतील तर लयवेडा यांनी तीनतालाचा ठेका कसा धरावा हे थोडक्यात सांगितल्यास बरे होईल.

लयवेडा

सोळा मात्रा, चार चारचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे तेथे टाळी न देता हात उलटा करायचा. पहिली मात्रा ही सम. आधी तबल्याकडे कान देऊन ‘धा धिं धिं धा’ ओळखा आणि मग गायकाकडे वळा. दोन्हीकडे एकाच वेळी लक्ष देता येईपर्यंत थोडा काळ जाईल, पण ते येते. मुखडा कोणत्या मात्रेवर उचलला गेला ते लिहून ठेवा आणि येथे कळवा, आपण सारे मिळून पाहू.